विश्वाचा उतार आणि एक सुपारी

खंडेनवमीच्या दुपारी विश्वाने आपला वेग वाढवणं थांबवलं. पण तसं काही झालंच नाही असं अहवाल म्हणतो, तेव्हा आपण पूजेपासून सुरुवात करू.

चंद्राच्या पाठीवरच्या वेधशाळेत माणसं दोनच: चारुता बेलसरे आणि तिचे वरिष्ठ डॉ. नाईकवडी. विश्वाच्या बालपणी निघालेला प्रकाश कुठल्या कोनात थरथरतो, हे मोजणारा ध्रुवणमापी चारुताच्या ताब्यात होता. दर खंडेनवमीला तो पूर्वेकडे वळवून त्याची पूजा व्हायची. चंद्रावर पूर्व कुठली, यावर पहिल्या वर्षी समिती बसली होती. यंदा बिजागरी अडकली, म्हणून चारुताने यंत्र जागचं हलवलं नाही. त्याच्या नावाने पाटावर सुपारी मांडली, पूजेला हजर नसलेल्या माणसाची मांडतात तशी. आगीला बंदी, तेव्हा निरांजन बॅटरीचं. अक्षता विचार करत करत खाली आल्या. सर उगवले ते थेट नैवेद्याला.

जेवणं झाल्यावर पाहिलं तर कोन बदललेला. आकाशात सगळीकडे, सारखाच.

“सगळीकडे सारखाच म्हणजे यंत्र फिरलंय,” सर म्हणाले. “पूजेला वळवलंस आणि परत नीट बसवलं नाहीस.”

खात्री करायला यंत्राचा स्वतःचा, ठरलेल्या कोनाचा दिवा असायचा. तो गेला होता आणि नवा मंजुरीत होता.

“सर, पठारावर चेंडू आहे आणि पठारभर काकवी सांडलीय,” चारुता म्हणाली. “चेंडू घरंगळायला बघतो, काकवी धरून ठेवते. चेंडू म्हणजे ॲक्सिऑनसदृश क्षेत्र, काकवी म्हणजे विश्वाचं प्रसरण. चेंडू वर अडकलाय तोवर त्याची उंची हीच कृष्णऊर्जा. तीच दीर्घिकांना लांब ढकलते.”

“मीच शिकवलंय तुला हे.”

“काकवीसकट. पण काकवी पातळ होत जाते. पुढे पठार संपून कडा आला तर चेंडू दरीत. प्रकाश निघाला तेव्हाचं क्षेत्र आणि पोचला तेव्हाचं, यांच्यात जेवढा फरक, तेवढी प्रकाशाची मान वळते. आज क्षेत्र घसरलं, म्हणून सगळ्यांची मान सारखीच वळली.”

“यंत्र हलवलं नाहीस याला पुरावा?”

“सुपारी मांडली होती.”

“कुठाय?”

चारुताने अडकित्त्याकडे बोट दाखवलं. जेवणानंतर सरांनी ती कातरून खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीवरच्या समितीची वार्षिक तपासणी होती. सरांनी मायेनेच सांगितलं की कोन दुरुस्त कर, नाहीतर परतीच्या यानात तुझी जागा ठरलेली आहे. चारुता खिडकीशी बसली. एकेक करून कायमच्या दिसेनाशा होणार होत्या त्या दीर्घिका आता रुसून निघालेल्या पाहुण्यांसारख्या उंबऱ्यातच थबकल्या असतील, असं तिला वाटलं. कोन फिरवला तर ते थबकणं पुसलं जाणार होतं. तिने यंत्राला हात लावला नाही.

तपासणीला समिती पडद्यावर आली तेव्हा कोन हुबेहूब जुना होता.

“बेलसरेंनी दुरुस्त केला,” सर अभिमानाने म्हणाले.

“मी काहीच केलं नाही,” चारुता म्हणाली. “दरीत पडलेला चेंडू समोरच्या चढावर जातो आणि परत येतो. तो आत्ता परत आलाय. थोडं थांबलात तर पुन्हा पडताना दिसेल.”

समितीच्या जेवणाची वेळ झाली होती. अध्यक्षांनी निर्णय दिला की कोन बरोबर आहे तोवरच यंत्र बंद करून त्याला सील लावावं, म्हणजे पुन्हा बिघडायला नको. बेलसरेंना दुरुस्तीबद्दल शाबासकी आणि सीलची राखण करायला मुदतवाढ मिळाली.

सील लावून चारुता परत खिडकीशी बसली. बाहेर विश्व थांबलं होतं की निघालं होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. तिने अर्ज लिहायला घेतला.

प्रति, ॲक्सिऑनसदृश क्षेत्र, सर्वत्र. मार्फत, डॉ. नाईकवडी. आपले मागील पतन समितीच्या गैरहजेरीत झाल्याने ग्राह्य धरता आलेले नाही. तरी पुढील पतन तपासणीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीपूर्वी, सील न तोडता दिसेल अशा बेताने करावे आणि समितीची सही होईपर्यंत दरीतच थांबावे, ही नम्र विनंती. सोबत: अखंड सुपारी, एक.