चित्रांच्या हॉटेलातल्या शेवया

मला त्या हॉटेलात जायचंच नव्हतं. पावसानं गाठलं म्हणून गेले... आणि खरं सांगायचं तर रस्ता चुकले म्हणून.

मोबाइल अजून खेड्यापाड्यांत आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं मला जपानला पाठवलं होतं, मिरचीचं संकरित बी करायला शिकायला. पिंपळगाव रेणुकाईतून विमानात बसलेली मी पहिलीच मुलगी. तिथं मला सगळ्याचीच भीती वाटायची. आपोआप उघडणाऱ्या दारांची, न वाचता येणाऱ्या पाट्यांची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नकळत पोटात मांस जाईल याची. आमच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात माळ.

त्या रविवारी मी भलत्याच स्टेशनावर उतरले. छत्री खोलीवर राहिलेली. भिजत, घाबरत एका गल्लीत शिरले, तर समोर ते हॉटेल. दारावर जांभळ्या केसांची, ताटाएवढ्या डोळ्यांची कार्टूनमधली मुलगी रंगवलेली. आत भिंतभर तसलीच चित्रं. तलवारी परजणारी पोरं, पंख फुटलेली मांजरं. वर कागदी कंदील. मी पाऊल टाकलं आणि आचारी एवढ्या जोरात ओरडला की मी दचकून भिंतीला चिकटले. ते स्वागत असतं, हे मला नंतर कळलं.

दाराशी एक मशीन होतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, येईल ती चिठ्ठी आचाऱ्याला द्यायची. प्रत्येक बटणावर शेवयांच्या वाडग्याचं चित्र आणि खाली जपानी अक्षरं.

"अगं बाई... कोणतं दाबू मंग?" मी पुटपुटले.

"ते नका दाबू. त्यात डुक्कर हाय."

मराठीत! मी गर्रकन वळले. मागं एक उंच, सावळा मुलगा उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं आणि डोळ्यांत हसू.

"तुम्ही आपल्याच भागातल्या दिसता," तो म्हणाला.

"कशावरून?"

"जपानात 'मंग' कोण म्हणतंय? मी बद्रीनाथ. केदारखेड्याचा. इथं कारखान्यात वेल्डिंग शिकून राह्यलो."

केदारखेडा! आमच्याच भोकरदन तालुक्यातलं गाव. हा एकदा गावी जाऊन बाजारच्या दिवशी कुणाशी बोलला, तर माझ्या आधी बातमी घरी पोचणार — बेबीनंदा परदेशात पोरांबरोबर हॉटेलात बसते.

"मी... नागपूरची," मी सांगून टाकलं.

"अस्सं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "नागपूरला आपल्या भागातलं 'मंग' कधीपासून बोलायला लागले?"

त्यानं आचाऱ्याला हातवारे करून समजावलं, तेव्हा माझ्यासाठी साध्या पाण्यात उकडलेल्या शेवया आल्या. वर कांद्याची पात, तीळ आणि लाल तिखट. मी दोन काड्यांशी झगडत होते आणि तो न बघितल्यासारखं करून बघत होता.

"खा की बोटांनी. तुमच्या नागपूरला कोण सांगणार हाय?"

मला हसू आलं... आणि तेवढ्यात वाडग्यातलं पाणी हललं.

आधी वाटलं, मीच धक्का दिला. मग कंदील झुलायला लागले. काचेची भांडी किणकिणली. भिंतींवरची ती सगळी मोठाल्या डोळ्यांची तोंडं मागं-पुढं डोलू लागली. आजूबाजूची माणसं काड्या खाली ठेवून गप्प बसली होती, सवयीनं.

बद्रीनाथ मात्र खुर्चीवर नव्हता. तो टेबलाखाली डोकं गुडघ्यांत घालून बसला होता.

मला पळायचं होतं. पाय दाराकडं वळलेही होते. पण त्याला तसा टाकून जाववेना. मी खाली बसले आणि त्याचं मनगट धरलं. कुठल्याही परपुरुषाचा हात मी तोवर धरला नव्हता.

"अहो... बघा की. कंदील थांबले. बघा वर."

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. ओठ पांढरे पडलेले.

"साळूताई माझी मोठी बहीण," तो हळू आवाजात म्हणाला. "लातूरकडं, किल्लारीच्या बाजूला दिल्ती तिला. मी शाळेत होतो. गणपतीचं विसर्जन बघायला गेल्तो तिच्याकडं. पहाटे घर पडलं. ढिगाऱ्याखालून तिचा आवाज येत होता... मला काढलं लोकांनी. तिला न्हाई."

"मग या देशात कशाला आलात?"

"वाटलं, हितं राहून भ्या मोडंल. न्हाई मोडलं. बूट घालूनच झोपतो, पळता यावं म्हणून."

मी त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोडलं. आणि म्हणाले, "मी पिंपळगाव रेणुकाईची आहे. रखमाजी आबांची मुलगी."

तो एवढंसं हसला. "मला बोलण्यावरूनच कळलं होतं."

मग रविवार त्या हॉटेलाचे झाले. येताना प्रत्येक वेळी मी मागं वळून बघायची, ओळखीचं कुणी नाही ना. परक्या देशात कोण असणार! पण धडधड थांबायची नाही. ती नेमकी कशाची होती, कोण जाणे.

"त्या दारावरच्या पोरीचे डोळे तुमच्यावर गेलेत," एकदा तो म्हणाला.

"एवढे मोठे?"

"घाबरल्यावर एवढेच होतात. आणि तुम्ही तर सारख्याच घाबरलेल्या."

"आणि तुम्ही मोठे शूर!"

"तुम्ही समोर असल्यावर... थोडा असतो."

मी वाडग्यात बघत राहिले. वाफेनं गाल तापले, असं स्वतःला सांगितलं.

माझं जायचं जवळ आलं, तेव्हा त्यानं विचारलं, "कंपनी आणखी रहा म्हणते. राहू? का येऊ? पिंपळगावला आलो तर ओळख दाखवाल?"

"नको!" माझ्या तोंडून निघून गेलं. "तिकडं येऊ नका. सगळा गाव आबांना नको म्हणत होता, तरी त्यांनी मला पाठवलं. मी असं काही करून बसले तर ते खाली मान घालतील. माझ्या चुलतबहिणीला मग कुणी कॉलेजलाही जाऊ देणार नाही."

"असं काही म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

मी पिशवी उचलून उठले. बाहेर पडल्यावरही मी मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विमानात बसले नसते.

घरी आले. मिरचीच्या फुलांवर काम करू लागले. सगळं बराबर होतं, फक्त मी कशातच नव्हते. आणि एका सकाळी, आबा न्याहारीला बसलेले असताना, टीव्हीवर बातमी लागली. जपानात मोठा भूकंप. पडलेले पूल, मातीखाली गेलेली घरं...

माझ्या हातातली परात सुटली.

"बद्रीनाथ!" मी ओरडले.

आबांचा घास हातातच राहिला. माझी आई चुलीपुढून उठून आली. मग मला थांबता आलं नाही. रडत-रडत सगळं सांगितलं.

आबा हात धुऊन उठले. "चप्पल घाल."

"कुठं?"

"घाल म्हणलं ना!"

मोटारसायकल भोकरदनच्या रस्त्याला लागली. तोच केदारखेड्याचा. मी मागं गारठून बसलेली. आबा बद्रीनाथच्या घरच्यांना शिव्या देणार? मला मारणार? की तिथं पोचल्यावर रडारडच ऐकू येणार? कोणतं जास्त वाईट, तेही मला कळेना.

"आबा... लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मी तुला पाठवलं तव्हाच ऐकून घेतलंय," पुढं बघतच ते म्हणाले. "आधी पोरगं जिवंत हाय का ते बघू."

केदारखेड्यात घर विचारत गेलो. अंगणात एक म्हातारे गृहस्थ बैलाला पाणी दाखवत होते. आणि त्यांच्या शेजारी, हातात बादली घेऊन... बद्रीनाथ.

मी मोटारसायकलीला धरूनच उभी राहिले.

"कधी आलास?" आबांनी विचारलं, जशी काही जन्माची ओळख.

"मागच्याच हप्त्यात." तो बादली धरूनच उभा होता.

"मंग आमच्याकडं का न्हाई आलास?"

"यांनी... नको म्हणलं होतं."

आबांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. "हिला काही विचारलंस का कधी, नीट?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मंग विचार." आबा त्याच्या वडलांकडं वळले. "चला पाव्हणं, दुसरा बैल दाखवा. लेकरांना बोलू द्या."

दोघं गोठ्यात गेले. बद्रीनाथनं बादली खाली ठेवली. ती दगडावर नीट टेकेना, पाणी सांडलं.

"तिथं राहवेना तुमच्याबिगर," तो म्हणाला. "करता का लग्न माझ्याशी?"

"मला भीती वाटते."

"मला बी लई वाटून राह्यली."

"मंग?"

"मंग... दोघं मिळून भिऊ."

मला हसू आलं आणि रडूही. मी होकारार्थी मान हलवली. त्याला ती पुरेना. "तोंडानं बोला की," तो म्हणाला. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून त्याच्या आईनं चहा झाल्याचं सांगितलं आणि गोठ्यातून आबांची हाक आली.

"झालं का रे विचारून?"

"हो म्हणलं, आबा!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या अंगणातल्या बायाही बाहेर आल्या.