कच्चं लिंबू

चष्म्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत जेवायच्या सुट्टीत एकच विषय चालायचा: सध्या काय खेळताय? घरच्या कटकटी दाराबाहेर ठेवायच्या, गिऱ्हाइकांना नावं ठेवायची नाहीत, डबे उघडायचे आणि आपापल्या मोबाईलमधल्या खेळाची खबर द्यायची. खोलीत माणसं तीन. भिंगं घासून मापाला आणणारी भिंगताई, ती भिंगं चष्म्यात बसवणारा फ्रेमवाला, आणि या दोघांच्या चुका पकडणारे म्हातारे अण्णा. शिवाय भिंगताईची पाच वर्षांची टिल्ली. शाळा सुटली की ती आईच्या टेबलाखाली येऊन बसायची.

अण्णा वर्षभर एक शेतीचा खेळ खेळत होते आणि त्यातल्या कोंबड्यांवर त्यांचा सख्ख्या नातवंडांपेक्षा जास्त जीव होता. "काल पांढरी रुसली," ते गंभीरपणे सांगायचे. "दाणे टाकले तरी ढुंकून बघेना." भिंगताईच्या खेळात नुसती धुलाई. मळलेल्या गाड्या, शेवाळलेल्या भिंती फवाऱ्यानं लख्ख करायच्या.

"दिवसभर काच घासून पोट भरत नाही वाटतं तुझं?" अण्णा चिडवायचे.

"तिथं घासलेलं पुन्हा मळत नाही, अण्णा," ती म्हणायची, आणि तिला ते मनापासून वाटायचं.

फ्रेमवाल्याचं मात्र एका खेळावर मन ठरत नसे. एकदा तो जुन्या बाजारातून कोपरा फुटलेला टॅब घेऊन आला. त्यात एकच खेळ होता म्हणे.

"लपाछपी आहे," पोळीचा घास तसाच हातात धरून तो सांगू लागला. "चित्रं अगदीच बेतास बात. पण आवाज काय दिलाय! ज्याच्यावर राज्य आहे तो दिसतच नाही. भिंतीमागं असतो. तुम्ही कपाटात लपलात की कपाटाच्या पाठीला त्याचा श्वास ऐकू येतो... हळू, ओला."

"मग शोधत का नाही?"

"मोजतच नाही ना! नुसता उभा. मला वाटतं, त्याला आकडे येत नसावेत." तो हसला. "सुरू होताना फक्त विचारतो, कोण कोण खेळतंय. तोंडानं सांगायचं. थांबा, दाखवतोच."

त्यानं टॅब टेबलावर ठेवला आणि तोंड जवळ नेऊन सांगितलं, "मी, अण्णा आणि ताई."

"मी पण!" टेबलाखालून आवाज आला.

"आणि एक कच्चं लिंबू," फ्रेमवाला म्हणाला. सगळे हसले. बिचाऱ्या टिल्लीला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. गल्लीतली मोठी मुलं तिला खेळात घ्यायची ती याच नावाखाली. पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण कुणी तुला धरणार नाही आणि राज्य कधीच तुझ्यावर यायचं नाही. तिनं गाल फुगवले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार, रस्त्यावर वाहनांची वर्दळ, खोलीत घासायच्या चाकाची घरघर. फ्रेमवाल्यानं हातातला पेचकस खाली ठेवला, उठला आणि मागच्या भिंतीशी गेला. कोपर भिंतीला लावलं, त्यावर कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"काय रे, चक्कर येतेय का?" अण्णांनी विचारलं.

बऱ्याच वेळानं तो वळला. डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. तो कपाटामागं बघून आला, पडदा बाजूला करून आला, मग वाकून टेबलाखाली बघू लागला. टिल्ली तोंडावर हात दाबून खुदुखुदु हसत होती. त्याची नजर तिच्यावरून अशी सरकली, जणू तिथं कुणी नव्हतंच. मग तो सरळ झाला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लपलेला गडी सापडल्यावर पोरं म्हणतात तसं, बारीक आवाजात म्हणाला, "अण्णा इस्टॉप."

दुसऱ्या क्षणी तो डोळे चोळत विचारत होता, "माझा पेचकस कुठं गेला?"

भिंगताईच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून अण्णांनी कोंबड्यांचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर फ्रेमवाल्यानं आपणहून विषय काढला. "काल खेळात राज्य माझ्यावर आलं. काय जबरदस्त बनवलंय! भिंतीला कपाळ टेकलं ना, तर भिंत गार. आणि पलीकडून कुणीतरी कान लावून बसलेलं... शाळेतलं पोर फळ्याकडं बघतं ना, तसं. मी काय म्हणतोय ते त्याला ऐकायचं होतं. मी आपला मनातच मोजत होतो."

त्याला ते सगळं खेळातच झालं असं वाटत होतं! भिंगताईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी डब्याचं झाकण लावून टाकलं होतं. घासही खाल्ला नव्हता.

"तो टॅब बंद करा," ती म्हणाली. "टिल्ली असते इथं."

"तिला कसली भीती? ती तर कच्चं लिंबू!"

झालं! टिल्लीनं भोकाड पसरलं. ती आता मोठ्या वर्गात गेली होती, तिला बुटाची नाडी बांधता येत होती, आणि तरी सगळे तिला तेच म्हणत होते. भिंगताई आधीच घाबरलेली, त्यात पोर रडतेय. तिचं डोकं फिरलं.

"सारखं काय कच्चं लिंबू, कच्चं लिंबू? काही कच्चं लिंबू नाही ती. खरी खेळते माझी टिल्ली!"

कोपऱ्यातला टॅब आपोआप उजळला.

आपण काय बोलून बसलो ते भिंगताईला कळलं. "नाही, नाही... म्हणजे, तसं नाही..." ती टॅबकडं बघून पुटपुटली. टॅबचा पडदा पुन्हा काळा झाला. ऐकणाऱ्यानं ऐकलं होतं.

तिनं टिल्लीचं दप्तर उचललं. तेवढ्यात मागं स्टूल सरकलं. अण्णा भिंतीशी गेले होते, कोपरावर कपाळ टेकून. आणि तिनं टिल्लीचा हात धरून दार गाठायच्या आत ते वळलेसुद्धा. फ्रेमवाल्यासारखे ते कपाटामागं गेले नाहीत, पडद्यामागं गेले नाहीत.

"अण्णा, मी आहे. मला धरा," भिंगताई मधे उभी राहिली. "अण्णा, तुमच्या पाया पडते..."

तिच्या कमरेजवळून हात लांबवून त्यांनी टिल्लीच्या डोक्याला स्पर्श केला. "टिल्ली इस्टॉप."

मग त्यांना ठसका लागला आणि ते मटकन खाली बसले. "पोरी, मी काय केलं गं?" असं म्हणत ते रडायला लागले. पण टिल्लीचा हात आईच्या हातातून सुटला होता. ती चालत भिंतीशी गेली, इवलं कोपर लावलं, त्यावर कपाळ टेकलं.

लहान मुलांना मनात मोजता येत नाही. ती मोठ्यानं मोजू लागली.

"एक... दोन... तीन..." अठ्ठावीसपर्यंत आली आणि अडली. एकोणतीस तिला कधीच जमायचं नाही. थोडं थांबून ती पुन्हा म्हणाली, "एक... दोन..."

भिंगताईनं तिला उचलायचा प्रयत्न केला. पोर घासायच्या मशीनसारखी जड झाली होती, जागची हलेना. फ्रेमवाल्यानं टॅब फरशीवर आपटून त्याचा चुरा केला. मोजणं थांबलं नाही. अठ्ठावीस, आणि परत एक. आवाज बसत चालला, पाय लटपटायला लागले, पण कपाळ भिंतीवरून सुटेना. अशीच उभी राहिली तर पोर हातची जाईल, हे तिथल्या तिघांनाही दिसत होतं.

शेवटी भिंगताई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. लपाछपीत मोजायचं ते शंभरापर्यंत; शंभर झाले की टिल्ली वळेल, मग मी पुढं होईन, राज्य माझ्यावर घेईन, असं तिनं ठरवलं. टिल्ली अठ्ठावीसवर आली, तशी ती कानाशी म्हणाली, "एकोणतीस, बाळा."

"एकोणतीस," टिल्ली म्हणाली.

"तीस... एकतीस..."

माय सांगत होती, लेक म्हणत होती. आणि साठीच्या पुढं कधीतरी भिंगताईला भिंतीतून तिसरा आवाज ऐकू आला. प्रत्येक आकडा टिल्लीच्या मागोमाग, अडखळत, घोकल्यासारखा. पण थांबून चालणार नव्हतं. नव्याण्णवपर्यंत आल्या तेव्हा टिल्लीचा घसा पार बसला होता. शंभर तिनं आपणहून, नुसत्या ओठांनी म्हटलं आणि ती वळली.

"मी इथंय, सोन्या," भिंगताईनं दोन्ही हात पसरले. "मला धर. दे राज्य मला."

टिल्लीनं मान हलवली. "तू खेळात नाहीस, आई. तू कच्चं लिंबू. मी त्याला सांगितलंय."

मग तिनं पाठीमागच्या भिंतीवर हलकेच हात ठेवला, जणू कुणाच्या तरी खांद्यावर, आणि म्हणाली, "तो इस्टॉप." एक जांभई दिली आणि विचारलं, "मला भूक लागलीय, घरी कधी जायचं?" भिंगताई तिला छातीशी धरून ढसाढसा रडली.

तिनं ती नोकरी त्याच दिवशी सोडली. पुढं महिन्याभरात घरही बदललं, चौथ्या मजल्यावरचं, उजेडाचं. टिल्ली हसत होती, खात होती, शाळेत जात होती. भिंगताईच्या जिवात जीव आला.

एका रविवारी सकाळी टिल्ली पलंगावर बसून भिंतीला कान लावून होती. भिंगताई कपड्यांच्या घड्या घालत होती. टिल्लीचे बाबा आत दाढी करत होते. त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सांगून पटलं नसतं.

"आई," टिल्ली म्हणाली, "नव्याण्णवच्या पुढं काय येतं गं?"

भिंगताईच्या हातातला सदरा गळून पडला. "का... का गं?"

"त्याला येत नाही. तो तिथंच अडकतो. कधीचा विचारतोय."

भिंगताईनं ओठ घट्ट मिटले. मान हलवली. टिल्लीच्या तोंडावर हात ठेवायला ती धावली. अडकू दे, जन्मभर अडकू दे तिथंच...

"शंभर!" आतून बाबांचा खणखणीत आवाज आला. "एवढं येत नाही होय गं तुला? शंभर!"

"शंभर," टिल्लीनं भिंतीला सांगितलं. मग उडी मारून ती पलंगाखाली शिरली, अगदी कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. भिंगताई जमिनीवर आडवी पडून तिच्याकडं हात लांबवत होती. टिल्ली मात्र आईच्या मागं, दाराकडं बघत होती.

टिल्लीनं कान लावला होता त्या भिंतीपलीकडं खोली नव्हती. नुसती मोकळी हवा होती, चार मजले खोल. तिथून अगदी टिल्लीच्याच आवाजात कुणीतरी लाडिकपणे विचारलं,

"येऊ का?"

"ये की!" बाबा आतून हसून म्हणाले.