मागच्या दाराचा नियम

पडदेवाल्याने पिशवीतून बायकोचा कोट काढून टेबलावर ठेवला आणि खोलीभर दारूचा वास पसरला.

"आठवडा होत आला," तो म्हणाला. "पोलिसांनी परत दिल्यापासून खिडकीत टांगलाय. तरी जात नाही."

वहिनींनी चष्मा लावला. खासगी तपासाचं त्यांचं ऑफिस एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत होतं. धाकटे दीर त्यांचे मदतनीस. ते सारखे "वहिनी, वहिनी" करत, म्हणून लाँड्रीवाल्यापासून पोलिसांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, आणि दिरांना भावोजी.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

तो पडदे बसवायचा, बायको शिवायची. मेहुणीचा वाढदिवस होता. तिने हट्ट करून बहिणीला डान्स क्लबमध्ये बोलावलं. बायको अशा ठिकाणी पहिल्यांदाच जात होती. सकाळी ती क्लबमागच्या गल्लीत, पायऱ्यांच्या तळाशी, पालथी पडलेली सापडली. डोक्याला मार लागून गेली होती.

"क्लबवाले म्हणतात, पिऊन आली म्हणून दारावरूनच परत पाठवली. पोलीस म्हणतात, झोकांड्या खात मागे गेली आणि पडली. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. पण रिपोर्टची वाट कोण बघतंय? वास सगळ्यांना आला."

"घ्यायच्या का त्या कधी?"

"नाही हो. तिला अधूनमधून भोवळ यायची. गोळ्या चालू होत्या, त्या पर्समध्ये तशाच आहेत. पर्समधलं काहीच गेलेलं नाही." तो थांबला. "मुलगी सहावीत आहे माझी. वर्गातल्या मुली तिला म्हणतात, तुझी आई दारुडी. परवा तिने मला विचारलं, बाबा, खरं का? मी नाही म्हणालो. पण तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणता आलं. मला खरं काय ते कळू दे. वाईट असलं तरी चालेल."

वहिनींनी कोट भावोजींकडे सरकवला. "नाक लावा."

"मी?"

"घरात तुमच्याइतकं लांब नाक कोणाचं आहे?"

भावोजी वाकले. "छातीवर काही नाही. बाह्यांवरही नाही. हां, इथे. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. चांगलीच सांडलीय."

"अस्तराला?"

"अस्तर कोरं. वास नाही."

वहिनींनी अस्तर उजेडात धरलं. काळ्या कापडावर खांद्यांपाशी तांबडी लव चिकटली होती. बाह्यांच्या कडांना गंजासारखे डाग होते.

"अस्तर नवं दिसतंय."

"त्याच दिवशी दुपारी घातलं तिने. म्हणाली, फाटक्या अस्तराने कशी जाऊ?"

"कोट कुठे मिळाला?"

"अंगावरच होता. पार गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्याचंच नवल वाटलं मला. वरचं बटण ती कधी लावत नसे, गुदमरतं म्हणायची."

"आणि हात?"

"दोन्ही मुठींची कातडी सोलली होती. पडताना खरचटलं असेल, म्हणाले."

*

दुपारी दोघं क्लबवर पोचले. दारावरच्या धिप्पाड रखवालदाराला सगळे पहिलवान म्हणत. त्याने भावोजींच्या चपलांकडे पाहिलं.

"बंद आहे. आणि चालू असतं तरी या अवतारात आत सोडलं नसतं."

"अवतार? इस्त्रीचा शर्ट आहे माझा!"

"चपला कोणाच्या आहेत मग?"

"भावोजी, तुम्ही पास झाला नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आम्ही त्या बाईंबद्दल आलोय."

पहिलवानाचा चेहरा आक्रसला. "दाराला धरून उभी होती, तोंडाला वास होता. मी म्हटलं, बाई, घरी जा. गेली."

"आत आल्याच नाहीत?"

"पाऊलसुद्धा नाही."

"मागच्या दाराने शिरल्या असतील?"

"ते फक्त आतून उघडतं. बाहेरून कोणी कितीही ठोठावलं तरी उघडायचं नाही, नियमच आहे आमचा. फुकटे असतात सगळे."

"आणि आत कोणी चक्कर येऊन पडलं तर?"

"चक्कर कसली! चढलेली असते. त्यांना मागूनच काढतो. पुढून नेलं की रांगेतलं गिऱ्हाईक बिचकतं."

मॅनेजर गोड बोलणारा होता. "आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पाहुणा असतो," तो म्हणाला, आणि दोघांना बसायलाही सांगितलं नाही. बाई आत आलीच नव्हती, हे त्याने तीनदा सांगितलं.

आतल्या बोळात, मागच्या दाराला लागून, कोट ठेवायची खोली होती. तिथली बाई हँगर पुसत होती. डोळे सुजलेले.

"मला चेहरे आठवत नाहीत, बिल्ले आठवतात," कोटवाली म्हणाली. "बिल्ला दिल्याशिवाय मी देवालाही कोट देत नाही."

"गर्दीत एवढे कोट मावतात?"

"कुठले मावतायत! जोडीने आलेल्यांचे दोन कोट एकाच हँगरवर, एकावर एक चढवते. दोघांत बिल्ला एकच."

मागची गल्ली अरुंद होती. लोखंडी दाराला बाहेरून कडी नव्हती, मूठ नव्हती. दारापुढे दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. भावोजी विचार करायला दाराला टेकले आणि इस्त्रीच्या शर्टावर गंज घेऊन सरळ झाले.

"गेला शर्ट," ते म्हणाले.

"राहू दे तसाच," वहिनी म्हणाल्या. "धुवू नका."

*

मेहुणी एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. तिचा तांबडा, लोकरीचा कोट खुंटीवर होता.

"आम्ही क्लबच्या दारातच भेटलो," ती म्हणाली. "ताई दाराला धरून उभी होती, तोंडाला वास होता. पहिलवान म्हणाला, बाई, घरी जा. ताई मला म्हणाली, तू जा आत. मी गेले. परत दिसलीच नाही ती." तिने डोळे पुसले. "दाजींना सांगा, मी कितीदा तिला म्हटलं होतं, जपत जा."

"कोट घालून होत्या ना त्या?"

"पूर्ण वेळ. थंडी होती."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, दोघांचं शब्दाला शब्द जुळतंय. म्हणजे खरंच असणार."

"कालची भाजी कशी झाली होती, हे तुम्ही आणि तुमचे दादा वेगवेगळे सांगा बरं मला. एक वाक्य सारखं निघायचं नाही."

"खारट होती," भावोजी म्हणाले.

"ते म्हणाले, अळणी."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे क्लबच्या हॉलमध्ये जमले. नाचायच्या जागी ट्यूबलाइट लावली होती. त्या उजेडात गालिच्यावरचे डाग, भिंतींचे पोपडे, सगळं उघडं पडलं होतं. इन्स्पेक्टर कोपऱ्यात बसला होता. पडदेवाला कोट मांडीवर घेऊन बसला होता.

"त्या प्यायल्या नव्हत्या," वहिनींनी सुरुवात केली. "पिणाऱ्याच्या हातून दारू छातीवर सांडते, बाहीवर सांडते. स्वतःच्या दोन खांद्यांच्या मधोमध कोणी सांडत नाही. त्या पालथ्या पडल्यावर कोणीतरी वरून ओतली."

इन्स्पेक्टर उठून उभा राहिला.

"आणि त्या दारावरून परत गेल्याच नाहीत. आत आल्या होत्या. हे अस्तर त्याच दुपारी घातलेलं. त्याच्या आतल्या बाजूला तांबडी लव आहे. शेजारी उभं राहिलं तर लव बाहेरून लागते. आतून लागायला हा कोट तांबड्या कोटावर चढवलेला हवा. एका हँगरवर."

मेहुणीने आपल्या तांबड्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि पटकन काढून घेतला.

"पण वहिनी," भावोजी म्हणाले, "कोट तर अंगावर होता."

"तेच! बिल्ला दिल्याशिवाय कोट मिळत नाही. दोघींत बिल्ला एकच. बाईंनी स्वतः घातला असता तर वरचं बटण उघडं असतं. त्यांना तो दुसऱ्या कोणी घातला, त्या शुद्धीत नसताना. भोवळ येऊन पडल्या होत्या त्या. यांनी नेहमीप्रमाणे चढली म्हणून मागून काढलं. आणि बिल्ला देऊन कोट आणणारी एकच व्यक्ती होती."

"ताई!" मेहुणी ओरडली, जणू बहीण समोर होती. मग पडदेवाल्याकडे वळली. "दाजी, थंडी होती हो. म्हणून मीच कोट आणला. मी घातला तिला."

"भोवळीचं सांगितलं नाहीस यांना?" पडदेवाल्याने विचारलं.

"मला वाटलं, नाटक करतेय. माझं काही चांगलं चाललं की हिला नेमकी भोवळ यायची. पहिलवानाने विचारलं, जास्त झाली का? मी हो म्हटलं. वाटलं, थंड हवेत बसेल आणि जाईल घरी."

"दारू कोणी ओतली?" इन्स्पेक्टरने विचारलं.

पहिलवानाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर छताकडे पाहत होता.

"बंद करताना मी मागे पाहिलं, तर खाली पडली होती," पहिलवान म्हणाला. "गार झाली होती. साहेबांना सांगितलं. ते ग्लास घेऊन आले. म्हणाले, आपण हिला पाहिलंच नाही. काय बोलायचं ते सकाळी मला सांगितलं, या बहिणीलाही सांगितलं. ताई आत होती हे निघालं तर, ती बाहेर पडली तेव्हा तू नाचत होतीस हेही निघेल, असं म्हणाले हिला."

भावोजी खाली बसले.

"अजून एक राहिलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "बाह्यांच्या कडांना गंज आहे. दगडी पायऱ्यांना गंज नसतो. हा घ्या भावोजींच्या शर्टावरचा दाराचा डाग, तोच आहे. मुठी पडून नाही सोलल्या. बाई शुद्धीवर आल्या होत्या. त्यांनी दार ठोठावलं. मग पायऱ्यांकडे वळल्या आणि परत भोवळ आली."

पहिलवानाने मागच्या बोळाकडे पाहिलं.

"आवाज आला होता," पहिलवान पुटपुटला. "पण उघडायचं नाही, असा नियम आहे ना."

पडदेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मेहुणीकडे पाहिलं. मग कोणाकडेच न बघता विचारलं, "किती वेळ ठोठावत होती?"

मेहुणी तोंडात पदर कोंबून रडत होती. शेवटी मागून कोटवालीचा आवाज आला.

"दोन गाणी."

इन्स्पेक्टरने मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवला. पडदेवाला उठला. कोटाची नीट घडी घालून त्याने तो पिशवीत ठेवला आणि बाहेर पडला. वहिनी आणि भावोजी त्याच्या मागोमाग गेले.

"शाळा सुटेल आता," तो म्हणाला.

"तिला काय सांगणार?" भावोजींनी विचारलं.

"आई प्यायली नव्हती, हे सांगेन. उद्या वर्गात जाऊन सगळ्या पोरींसमोर सांगेन."

"आणि बाकीचं?"

पडदेवाल्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ते नाही सांगणार," तो म्हणाला. "ते कुठे ठेवायचं, बघतो."