दोन माणसांचं पाणी

चंद्रपुरातल्या घरांच्या खिडक्या आता उघडत नाहीत. उन्हाळा बावन्न अंशांवर जायला लागल्यापासून घरं सीलबंद बांधतात. भिंतीतलं हवायंत्र दिवसभरात ठरावीकच ताजी हवा आत घेतं. त्यामुळे माणसांनी श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड घरात साचतो. माणसं जास्त, तर तो जास्त.

दौलतराव खोब्रागडे यांच्या घरात आता ते एकटेच होते. कोळसा खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी शेवंता फेब्रुवारीत गेली. तिची माशांची टाकी मागे राहिली.

टाकीत चॉकलेट गुरामी होते. या माशाची मादी अंडी दोन आठवडे तोंडात धरून ठेवते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते. पाण्याचा गुण बदलला की घाबरून अंडी गिळते. शेवंताने तीन वर्षं वाट पाहिली, पण पिल्लू एकही दिसलं नाही. आता मादीच्या तोंडात पुन्हा अंडी होती आणि पीएच चढत होता. पीएच म्हणजे पाणी किती आंबट आहे ते सांगणारा आकडा. तो जितका खाली, तितकं पाणी आंबट. या माशांना सहा लागतो. मीटर सहा पॉइंट तीन दाखवत होतं.

म्हणून जलरसायन केंद्रातली ऋजुता लोनबले आली होती.

"काका, पानं टाकता?"

"रोज. देशी बदामाची, वाळलेली. टाकली की आकडा उतरतो, मग पुन्हा चढतो."

"हा चढ-उतारच तिला सोसत नाही. आणि पाण्यात बिघाड नाहीच. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून त्याला आंबट करतो. तुमच्या घरात तो निम्मा झालाय."

"काहून?"

"काकू नाहीत ना आता."

दौलतरावांनी टाकीचं झाकण सरळ केलं.

"श्वासपूरक बसवते," ती म्हणाली. "छोटं नळकांडं असतं. एक माणूस दिवसभरात सोडेल तेवढा वायू, त्याच चालीने सोडतं. काकूंचीच चाल लावू. हवायंत्रात रोजची नोंद आहे." तिने नोंद उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या जुलैपासून घरातला वायू कमी होत गेलाय. पण मीटरच्या नोंदीत टाकीचा आकडा सहावरच. असं कसं?"

"जुलैत चढायला लागला होता. मला वाटलं, पाणी खराब झालं. एक पान टाकलं. दिवाळीपर्यंत रोज तीन." ते हसल्यासारखं करत म्हणाले, "फिटर ना मी, बेटा. काटा हलला की जागेवर आणायचा, एवढंच शिकलो."

"काकू जेवायच्या नीट?"

"कमी. म्हणायची, उकाड्यात भूक नाही."

"माणूस खंगलं की शरीरात कमी जळतं, काका. श्वासातला वायूही कमी होतो."

दौलतराव टाकीकडे वळले.

"डॉक्टरला जानेवारीत कळलं," ते म्हणाले. "पाण्याला जुलैत कळलं होतं."

ऋजुताने मीटर उगीच पुसलं. "कुठली नोंद लावू?"

"जुलैच्या आधीची."

आकडा दोन दिवसांत सहावर आला. हवायंत्राच्या पट्टीवर 'घरात माणसं : दोन' असं उमटलं. ते बंद करता येत होतं, पण दौलतरावांनी केलं नाही. दहाव्या दिवशी मादीने तोंड उघडलं आणि नखाएवढीही नसलेली अकरा पिल्लं बाहेर आली. त्यांनी ती दोनदा मोजली. सांगायला कोणी नव्हतं.

पावसाळा गेला. मग एका सकाळी मीटरवर सहा पॉइंट एक दिसलं.

त्यांनी नळकांडं तपासलं. ते भरलेलं होतं आणि शेवंताचा श्वास ठरल्याप्रमाणे चालू होता. म्हणजे कमी झाला होता तो दुसऱ्या माणसाचा. गेल्या महिन्यात पँट सैल झाल्याचं त्यांना आठवलं.

ऋजुताचा नंबर समोरच्या कागदावर होता. पानांचा डबा फळीवर होता. दौलतराव खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. त्यांनी दोन्हीपैकी कशालाच हात लावला नाही.