पंचेचाळीस नावाची फाइल

काचघरातली ऑर्किडं एका रात्रीत गारठून काळी पडली होती. मालकाने, म्हणजे दोघा भावांतल्या थोरल्याने, गुप्तहेर काकूंना बोलावलं ते निकाल ठरवूनच. हे प्रोग्रामरचं काम; त्याला तुरुंगात सडवायचं होतं. पंख्यांची स्क्रिप्ट त्याने लिहिली होती आणि थोरल्याने त्याला गेल्या महिन्यात चारचौघांत हाकललं होतं. पासवर्ड मात्र अजून तोच, घरात सगळ्यांना ठाऊक असलेला.

काकूंचे शेजारी मास्तर स्क्रिप्ट वाचू लागले. तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं तरच पंखे लावायचे. ओळ बिनचूक होती, तरी पंखे रात्रभर फिरून बाहेरची थंडी आत ओढत राहिले होते. स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये ‘४५’ नावाची रिकामी फाइल होती. मास्तरांना ती कचरा वाटली.

प्रोग्रामर तणतणतच आला. बाग पेटली असती तरी आपण पाणी ओतलं नसतं, हे त्याने लपवलं नाही. ‘पेक्षा मोठं’साठी साधं ‘>’ न लिहिता ‘-gt’ का, असं मास्तरांनी विचारलं.

“या भाषेत त्या चिन्हाचं काम वेगळं आहे. क्लासातल्या पोरांना हेच शिकवून घसा बसला माझा.”

धाकटा भाऊ दिवसभर हिशेबाच्या स्प्रेडशीट सांभाळायचा. बक्षीसपात्र जांभळं ऑर्किड त्याने घडवलेलं. पदकावर नाव थोरल्याचं. आदल्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या कुंड्या वरच्या फळीवरून जमिनीवर ठेवल्या होत्या. वर जागा करायची होती म्हणे.

काकूंनी सगळ्यांना काचघरातच बसवलं.

“ऊब वर जाते, गारवा खाली साचतो; थंडीला भिणारा कुंड्या वर चढवतो,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “तुम्ही खाली उतरवल्यात, कारण तुम्हाला उकाडा हवा होता. पंचेचाळीसपर्यंत पंखे लागू नयेत आणि दुपारी दादाची रोपं शिजावीत. अठ्ठावीसच्या जागी पंचेचाळीस लिहिताना, स्प्रेडशीटमध्ये तुलनेला वापरतात त्या सवयीने तुम्ही ‘>’ टाकलंत. इथे ते तुलना करत नाही, पुढे लिहिलेल्या नावाची फाइल बनवतं. म्हणून ‘४५’ जन्मली. तुलना झालीच नाही, उत्तर कायम ‘हो’, पंखे अखंड चालू. सकाळी तुम्ही जुनी ओळ परत घातलीत. फाइल तुम्हाला दिसलीच नाही.”

धाकट्याने नाकारलं नाही. थोरला उठला. त्याला पोलिसांआधी जांभळ्याचं मूळ झाड हवं होतं; त्यावरून नवी रोपं करता आली असती.

“माझ्या कुंडीत होतं,” धाकटा म्हणाला. “तेही मेलं.”

मास्तर हळहळले. “म्हणजे तुमचंही गेलं की हो.”

“जाऊ दे. दादाचं तर कधी नव्हतंच.”