पांढरीतलं वासरू

लोहा तालुक्यातल्या उत्खननावर मी कॉलेजच्या मुलांना जनावरांची जुनी हाडं ओळखायला शिकवत होते. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं टेकाड, त्याच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, शेडमध्ये लांब टेबल. शेळीचं हाड कुठलं, हरणाचं कुठलं, दातांवरून वय कसं सांगायचं. मुदखेडहून आलेल्या जेबाचा हात यात चटकन बसला. एका खड्ड्यातून निघालेलं वासरू तिनं हाडाला हाड जुळवून टेबलावर मांडलं. दुधाचे दातही पडले नव्हते त्याचे. मरून दोनेक हजार वर्षं झालेली.

दुपारी शेजारच्या शेतातली सरजाबाईची कालवड दावं तोडून आली आणि ती हाडं चाटू लागली. मुलं हसली. हाडांत क्षार असतात, जनावरं चाटतात, असं मी समजावलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मानेवर दाव्याचे वळ होते. सडांतून दूध ठिबकत होतं.

"ही अजून गाभण न्हाई गेली, बाई," सरजाबाई म्हणाली. "हिला पान्हा कसा फुटला?"

क्वचित होतं असं, मी म्हटलं.

कालवडीनं वैरण सोडली. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, उपयोग झाला नाही. बरगड्या दिसू लागल्या. सरजाबाईनं लेकीसारखं वाढवलेलं ते एकच जनावर. हाडं इथून न्या, असं ती म्हणाली, म्हणून मी हाडं पेटीत भरून नांदेडला कॉलेजात पाठवली. मग कालवड रिकाम्या टेबलापाशी हंबरत राहिली. आवाज बसला तरी तोंड उघडत राहिली.

सरजाबाईनं माझे पाय धरले. "आणा ओ परत. मला बगवंना."

मी स्वतः जाऊन पेटी आणली. नियम बाजूला ठेवून जेबानं आणि मी वासरू होतं तसं खड्ड्यात मांडलं, माती लोटली. दुधानं तटतटलेल्या कासेनिशी कालवड त्या मातीवर अंग टाकून बसली. हंबरणं थांबलं.

सरजाबाईनं गुळाचं पाणी पाजलं. ते ओघळून गेलं. मी कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं. जेबा अंग चोळत राहिली.

ऊन चढलं तशी कालवड गेली.

खोदकामावरच्या गड्यांनी तिला कुशीवर वळवलं. कास रिकामी होती.

खालची माती कोरडी होती.

चारही सड ओले होते. त्यांवर ताजा फेस होता, वासरू पिऊन नुकतंच बाजूला झाल्यावर असतो तसा.