अकरा लाल खोकी

तिकडे उत्तरेत, ओरछा गेटच्या त्या अरुंद गल्लीतल्या खोक्यांच्या दुकानात शिरलेला माणूस मराठी निघेल, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून देविकाने सवयीने विचारलं, "बोलिए भैया, मिठाई का डिब्बा या शादी का?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने भिंतीकडे वळून, आपली भाषा इथे कुणाला कळणार अशा खात्रीने, सुरुवात केली.

"आई, अगं पण किल्ल्यात? माझी खोकी तू किल्ल्यात घातलीस?... हो, होती रिकामी, पण म्हणून... आलोय दुकानात. एक मुलगी बसलीय. काय सांगू, कात्रीसुद्धा उलटी धरलीय हिने!"

"सुलटीच आहे," देविका शांतपणे मराठीत म्हणाली. "मी डावखुरी आहे."

फोन खिशात गेला. कान मात्र लालच राहिले. तरतरीत नाक, इस्त्रीचा शर्ट, आणि शर्टाच्या बाहीवर सुकलेला चिखल... देविकाला हसू आलं, पण पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला हसू नये एवढं भान तिला होतं. थोडंसंच हसली.

त्याचं नाव सलील. विमा कंपनीत नोकरी, आणि नाद घडीच्या चाकूंचा. त्याच्या वडिलांचे मामा, गुरसरायचे आबासाहेब, यांनी जन्मभर जमवलेले बारा चाकू दोन वर्षांपूर्वी त्याच्या हवाली केले होते. अट एकच. प्रत्येक चाकूचं मूळ लाल खोकं सांभाळायचं. खोकं गेलं, तर चाकूही परत गुरसरायला.

सलीलने ती खोकी जिवापाड जपली होती. पण खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी चाकू पाटावर मांडले, नंतर ते कपाटात तसेच राहिले आणि खोकी माळ्यावर. दिवाळीत उषाताईंना, म्हणजे त्याच्या आईला, अंगणातल्या किल्ल्याच्या बुरुजांना विटा कमी पडल्या. पुढचं सांगायला नको. आज किल्ला मोडला, तेव्हा ओल्या मातीतून लाल लगदा निघाला. बारातलं एकच खोकं वाचलं होतं, तेवढं तो नमुन्याला घेऊन आला होता.

"तुळशीच्या लग्नाला आबासाहेब येताहेत," तो म्हणाला. "आठ दिवस आहेत. अशी आणखी अकरा करता येतील?"

देविकाने खोकं नाकाशी नेलं, उघडलं, कोपरे चाचपले. वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तीन वर्षं ती एकटीच हे दुकान चालवत होती. पण खोकं कुणी असं रुमालात गुंडाळून आणलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"येतील की," ती म्हणाली. "चाकू आणा सगळे. मापं लागतील."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो चाकू घेऊन हजर. एक शिंगाच्या मुठीचा काढून तो तिच्या हातात द्यायला गेला, तशी ती मागे सरली.

"खाली ठेवा! चाकू हातात देत नाहीत. भांडण होतं."

"ते तर काल कात्रीवरूनच झालं."

"ते भांडण नव्हतं. ती तुमची फजिती होती."

तो मनापासून हसला आणि चाकू मेजावर ठेवला. देविकाने पातं उघडलं, उजेडात धरलं. बुडाशी तपकिरी ठिपके होते.

"हे बघा. गंज! पुठ्ठा दमट हवा ओढतो हो. चाकू खोक्यात डांबून ठेवला की असं होणारच. बाहेर काढा, तेल लावा, वापरा. पेरू तरी कापा."

"आणि खोकी?"

"खोकी टाकायची. खोकं असतं वस्तू घरी पोचेपर्यंत. मी बनवते म्हणून सांगते."

सलील जरा चाचरत म्हणाला, "देविकाजी... म्हणजे तुम्ही दिवसभर जे करता, ते सगळं लोकांनी टाकावं म्हणून करता?"

मिठाई संपली की डबा नालीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती, आणि त्याचं वाईट वाटतं हे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही का ठेवता?" तिने विचारलं.

"कुणीतरी कोपरा असा नेटका दुमडलाय, कागद न सुरकुतता चिकटवलाय... तो माणूस कोण, कुठला, माहीत नाही. पण त्याचं काम मी कसं फेकू? चाकू बाहेर ठेवा हवं तर. खोकं मात्र राहू द्या."

त्या संध्याकाळी देविकाने पुठ्ठा तीनदा चुकीचा कापला.

मग तो रोजच येऊ लागला. खळ ढवळायला बसायचा, गाठी करून ठेवायचा. तिचं मराठी मध्येच हिंदीत घसरायचं, "अरे, पकडिए ना ठीक से!" आणि तो मुद्दाम विचारायचा, "काय म्हणालात?" एकदा कागद ताणून धरताना त्याची बोटं तिच्या बोटांवर आली... आणि खळ वाळेपर्यंत दोघांनीही हात काढला नाही. खळ वाळायला वेळ लागतोच म्हणा.

आठव्या दिवशी अकरा खोकी तयार झाली. तोच लाल रंग, तीच सोनेरी अक्षरं. सलील एकेक हातात घेऊन बघत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "जरा जुनी दिसली असती तर... चहाचं पाणी लावतात ना त्यासाठी?"

"लावतात." देविकाचा आवाज उतरला. "तुम्ही आबासाहेबांना सांगणार नाही आहात?"

"सांगितलं तर चाकू जातील, देविकाजी. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून बघतोय मी ते. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना!" तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती जोरात बोलली. "मी दुसऱ्याच्या नावाचं खोकं केलं, कारण वाटलं तुम्ही खरं सांगून ती दाखवणार. म्हाताऱ्या माणसाला फसवायला माझे हात नाही मिळणार. न्या ही. आणि चहा घरी करा."

तो खोकी घेऊन गेला. वळूनही बघितलं नाही.

तुळशीचं लग्न झालं. दुसरा दिवस गेला, तिसराही. लग्नसराईची कामं डोक्यावर होती आणि देविका दर दहा मिनिटांनी गल्लीकडे बघत होती. त्याने खोटं सांगितलं असेल, तर तो आलेला तिला नको होता. आणि तो आलाच नाही, तर... त्याच्यापुढचा विचार ती करतच नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला. हातात मोठी पिशवी.

"सांगितलं," तो म्हणाला.

"मग?"

"रागावलेसुद्धा नाहीत. बाराही चाकू आणि ते जुनं खोकं पिशवीत भरलं. आईने हातापाया पडून बघितलं. गेले घेऊन."

"माझ्यामुळे झालं हे."

"नाही. माझा शब्द होता, मीच मोडला. दोन दिवस कपाट उघडवत नव्हतं, म्हणून आलो नाही." त्याने पिशवी मेजावर ठेवली. आत अकराही लाल खोकी होती, नवीकोरी, चहाचा डागही नसलेली. "निघताना आबासाहेब म्हणाले, ही नकली खोकी तेवढी चुलीत घाल. आणि ते स्वतःच उचलायला लागले. चाकू नेले तेव्हा मी गप्प उभा होतो, देविका. पण खोक्यांना हात लावला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. आजवर त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती मी."

"रिकामी खोकी ती. काय करणार ठेवून?"

"ती नकली नाहीत, मूळचीच आहेत. तुमची." त्याने एक खोकं तिच्यापुढे सरकवलं. "आता मापं नाहीत, काम नाही, यायला काही कारण उरलं नाही. तरी रोज यावंसं वाटतं. मला तुम्ही आवडता... फार."

देविकाने हातांची खळ पुसली.

"आप भी ना..." ती म्हणाली, आणि मग नीट, एकेक शब्द जुळवत मराठीत, "मला पण तू आवडतोस. चार दिवस आला नाहीस, मी किती पुठ्ठा वाया घालवला, माहीत आहे?"

"आई म्हणते, तिला चहाला घेऊन ये."

"आई म्हणते?"

"मी म्हणतो."

मेजावर अडीचशे डब्यांचं काम तसंच पडलं होतं. भर लग्नसराईत, दुपारी चार वाजता, देविकाने दुकानाचं शटर खाली ओढलं.